मेक्सिकोत समुद्रालगतचं शांत, मध्यम बजेटचं हॉटेल: पुएर्तो मोरेलोस की आणखी कुठे?

शेवंती
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, ह्यूस्टनहून, पाच रात्री. माणसं पाच: आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासूबाईंना जिने झेपत नाहीत, सासरे पक्के शाकाहारी. हजार खोल्यांचं रिसॉर्ट, मनगटाला पट्टा, दिवसभर स्पीकर हे नको आहे. खोलीबाहेर पाऊल टाकलं की वाळू लागावी आणि रात्री लाटांशिवाय काही ऐकू येऊ नये. एका खोलीला रात्रीला १५० डॉलरपर्यंत चालेल. कानकूनच्या आसपास असं काही मिळतं का? हॉटेलच्या फोटोंवर माझा विश्वास उरलेला नाही, त्यामुळे काय बघायचं आणि काय विचारायचं तेही सांगा.

सागरगोटा
मिळतं. पण कानकूनच्या हॉटेल झोनमध्ये नाही. तुमच्या यादीला पुएर्तो मोरेलोस बसतं. विमानतळाच्या दक्षिणेला साधारण २० किलोमीटर, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. मूळचं कोळ्यांचं गाव. समुद्राकाठी चौक, धक्का आणि तिरका दीपस्तंभ. १९६७ च्या ब्यूला वादळाने तो कलला, तसाच ठेवलाय, गावाची खूण झालाय.

तिथं पाणी शांत का असतं, तर किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर प्रवाळाची रांग आहे. बाहेरची लाट तिच्यावर फुटते आणि आत कंबरभर पाणी डुलत राहतं. सहा वर्षांच्या मुलीला यासारखं दुसरं नाही. हा पट्टा १९९८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

आता दुसरी बाजू. त्याच शांत पाण्यामुळे तळाला समुद्री गवत वाढतं. फोटोतला तो स्वच्छ फिरोजी रंग थोडा आत गेल्यावर दिसतो, काठाशी पायाला गवत लागतं. ही घाण नाही, कासवं हेच खातात. पण ‘पोस्टकार्डावर होतं तसं नाही’ म्हणून नाराज होणारे पुष्कळ. शिवाय गाव आणि महामार्ग यांच्यामध्ये खारफुटी आहे. संध्याकाळी डास उठतात, त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. खारफुटीत मगरी असतात. त्या रस्त्याने चालत जाण्याची हौस करू नका.

किनारा पूर्वाभिमुख, म्हणजे सूर्योदय समुद्रातून. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर हे गाव नव्हे.

घारू
तुलुम बघा की! काय सुंदर आहे.

सागरगोटा
@घारू, सुंदर आहेच. पण तुलुमच्या किनारपट्टीवर १५० डॉलरमध्ये वाळूवरची खोली म्हणजे बहुधा पंख्यावरची झोपडी. शेजारी बीच क्लब असला की ढोल मध्यरात्रीपर्यंत. वीज कित्येक ठिकाणी जनरेटरवर, त्याचा आवाज वेगळा. शांतता हवी असलेल्यांना तिकडे पाठवू नये.

टेक्सासकर
आधी कागदपत्रं, मग हॉटेल.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांपर्यंत. कॅनडा, जपान, ब्रिटन, शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल तरी तेच. सासू-सासऱ्यांचा दहा वर्षांचा बी-वन/बी-टू, म्हणजे भेटीचा-पर्यटनाचा व्हिसा चालतो. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा.

घोळ होतो तो एच-वनबीवाल्यांचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांचा. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय, पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत किती तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद) चालू आहे, ‘तीस दिवसांच्या आत मेक्सिकोतून परत येता येतं’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. तो नियम अमेरिकेत परत शिरण्याचा आहे. मेक्सिकोत शिरण्याचा नाही. मेक्सिकोला आय-७९७ चालत नाही, संपलेला शिक्काही चालत नाही. अशा वेळी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो, नाहीतर विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवते.

ज्येष्ठांसाठी आणखी एक. मेक्सिकोला जाऊन आलं की अमेरिकेतल्या मुक्कामाचे सहा महिने नव्याने सुरू होतात असं धरून चालू नका. तीस दिवसांच्या आतल्या फेरीला अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. परतल्यावर आय-९४ संकेतस्थळावर उघडून तारीख वाचा. त्यांचा अमेरिकेतला प्रवासी विमा मेक्सिकोत लागू आहे का तेही पॉलिसीत बघा. बऱ्याच पॉलिसी शेजारच्या देशात मर्यादित दिवसच चालतात, किंवा चालतच नाहीत.

औषधं: स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या मेक्सिकोत बंदी असलेल्या यादीत आहेत. डब्यात असतील तर घरीच काढून ठेवा. ई-सिगारेटही नेता येत नाही.

शेवंती
@टेक्सासकर, शिक्के सगळ्यांचे चालू आहेत, हुश्श. सरगासो नावाच्या शेवाळाबद्दल वाचलं आणि घाबरले. फेब्रुवारीत असतं का?

नाखवा
सरगासो समजून घेतलं तर हॉटेल निवडणं निम्मं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर.

हे तरंगतं तपकिरी शेवाळ आहे, अटलांटिकातून येतं. २०११ पासून त्याचे प्रचंड पट्टे तयार होऊ लागले, मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्याला २०१५ आणि २०१८ मध्ये जोरदार तडाखा बसला. साधारण मार्च-एप्रिलपासून वाढतं, मे ते ऑगस्ट सगळ्यात जास्त, ऑक्टोबरात ओसरतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे तुम्ही बहुधा सुटलात. अगदी शून्य असेल असं नव्हे, काठावर एखादी तपकिरी रेघ दिसेल.

वास का येतो? काठावर साचून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास. उन्हाळ्यात हॉटेलची माणसं पहाटेच फावडी, दाताळी, हातगाड्या घेऊन उतरतात. जे हॉटेल रोज उचलतं तिथे वास कमी, जिथे ढीग लावून सोडून देतात तिथे खोलीत बसवत नाही. हाच वायू चांदी काळी करतो. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पैंजण, चांदीची जोडवी घरी ठेवावीत. एसीच्या तांब्याच्या नळ्याही यानेच खराब होतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत एसी वारंवार बिघडण्याचं एक कारण हे, दुसरं खारा वारा.

खरी मेख दिशेत आहे. शेवाळ पूर्व आणि आग्नेयेच्या वाऱ्याबरोबर येतं, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेले किनारे भरतात: कानकून, पुएर्तो मोरेलोस, प्लाया देल कार्मेन, तुलुम. इस्ला मुहेरेस बेटाची प्लाया नोर्ते उत्तरेकडे तोंड करून आहे, कोसुमेल बेटावरची हॉटेलं पश्चिम किनाऱ्यावर आहेत. तिथे फार कमी येतं. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तरेला मेक्सिकोच्या आखातावरचं प्रोग्रेसो, पश्चिमेचं सेलेस्तून यांनाही त्रास कमी.

पण हिवाळ्यात गणित उलटं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ‘नोर्ते’ येतात, म्हणजे उत्तरेकडून थंड हवेचे झोत. एक ते तीन दिवस सोसाट्याचा वारा, आकाश राखाडी, रात्री पारा अठराच्या आसपास. मग उत्तरेकडे तोंड असलेल्या प्लाया नोर्तेवर लाटा उसळतात आणि इस्ला मुहेरेसची बोट कधी कधी बंद होते. पुएर्तो मोरेलोसला आड प्रवाळ आहे, काठाजवळ लाट लहान राहते.

माझं मत: मे ते सप्टेंबर जायचं तर प्लाया नोर्ते किंवा कोसुमेल. डिसेंबर ते मार्च जायचं तर पुएर्तो मोरेलोस. ‘सर्वोत्तम किनारा’ असं बाराही महिने काही नसतं.

आठवडाभर आधी काय तपासायचं? दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहावरून दर महिन्याचा सरगासो अंदाज काढतं. किंताना रो या इथल्याच राज्यातले स्वयंसेवक किनाऱ्यांचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा टाकतात. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे गावातला थेट कॅमेरा. हॉटेलला विचारलं तर ते ‘आज काहीच नाही’ म्हणणार, दुसरं काय म्हणतील.

पाचोळा
+१. वाचनखूण साठवली. ‘एका किनाऱ्याला बाराही महिने’ हे प्रत्येक ट्रॅव्हल एजंटच्या भिंतीवर लावा.

मुंबईचा_फौजदार
पॅसिफिकची बाजू कुणी घेत नाही म्हणून लिहितो. तिकडे सरगासो नाही आणि सूर्यास्त समुद्रात. सिवातानेहोची ला रोपा ही खाडीतली चंद्रकोर, पाणी बऱ्यापैकी शांत, काठालगत लहान हॉटेलं. उवातुल्कोलाही नऊ खाड्या आहेत. मात्र उघड्या पॅसिफिकवर, सिपोलितेसारख्या ठिकाणी, पाण्याची ओढ जीवघेणी आहे. तिथे लहान मूल पाण्यात सोडू नये. सिवातानेहो गेरेरो राज्यात येतं. त्या राज्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सर्वात कडक, चौथ्या पातळीचा इशारा दिलेला आहे. काही विमा कंपन्या यावर बोट ठेवतात. तिकीट काढायच्या आधी ताजा इशारा वाचा.

शेवंती
ठरलं, पुएर्तो मोरेलोस. आता खोली. ‘ओशन व्ह्यू’, ‘बीच फ्रंट’, ‘गार्डन’... एकाच हॉटेलात चार नावं आणि चार दर.

सागरगोटा
इंग्रजी नावं सोडा, स्पॅनिश पान उघडा. तिथे शब्द जास्त प्रामाणिक असतात.

‘फ्रेन्ते अल मार’ म्हणजे खोलीचं तोंडच समुद्राकडे. ‘विस्ता अल मार’ म्हणजे समुद्र दिसतो, कुठून आणि किती ते सांगितलेलं नाही. ‘विस्ता पार्सिआल’ किंवा ‘लातेराल’ म्हणजे गॅलरीतून मान वाकडी केली तर. ‘आ पिए दे प्लाया’ म्हणजे हॉटेल वाळूवर आहे, पण तुमची खोली मागच्या बाजूला पार्किंगवर असू शकते. ‘आ उना क्वाद्रा दे ला प्लाया’ म्हणजे एक गल्ली आत.

पलंगाबद्दल: ‘मात्रिमोनिआल’ या शब्दाने फसू नका. १३५ सेंटिमीटर रुंदीचा डबल बेड असतो तो, दोन मोठ्या माणसांना अडचणीचा. ‘दोब्ले’ खोली म्हणजे बहुधा असे दोन पलंग. तुम्ही पाच जण, एका खोलीत मावणार नाही. तळमजल्यावर लगतच्या दोन खोल्या मागा.

तळमजला म्हणजे ‘प्लान्ता बाहा’. ‘प्रिमेर पिसो’ म्हणजे आपला पहिला मजला, जिना चढून. या दर्जाची हॉटेलं दोन-तीन मजल्यांची, लिफ्ट क्वचितच. सासूबाईंसाठी प्लान्ता बाहा बुकिंगमध्ये लेखी घ्या, ‘विनंती’ म्हणून नको. तळमजल्याचा तोटा: वाळू आत येते, लोक खिडकीसमोरून जातात, डास जास्त, समुद्र माडांच्या बुंध्यांमधून दिसतो. तरी गुडघ्यांपुढे हे सगळं किरकोळ. वाळूवर उतरायला पायऱ्या किती तेही विचारा, वादळाने वाळू वाहून गेली की शेवटची पायरी दीड फूट उंच होते.

बुकिंगआधी हॉटेलला व्हॉट्सअ‍ॅप करा, तिकडे सगळा कारभार त्यावरच चालतो. पाच प्रश्न पुरतात. खोलीचा नंबर आणि मजला कोणता. शेजारी बांधकाम चालू आहे का, ‘कोन्स्त्रुक्सिओन अल लादो’. आवारात किंवा लागून बार आहे का आणि संगीत किती वाजेपर्यंत, ‘आस्ता के ओरा आय मूसिका’. स्वागतकक्ष रात्री किती वाजता बंद होतो, कारण लहान हॉटेलांत नऊ-दहानंतर फाटकाला कुलूप असतं. पोहण्याचा तलाव गरम पाण्याचा आहे का, ‘आल्बेर्का क्लिमातिसादा’. फेब्रुवारीत समुद्र २६ अंशांच्या आसपास असतो, पण न तापवलेल्या तलावात नोर्तेनंतर मुलं कुडकुडतात.

बांधकामाचा प्रश्न टाळू नका. या किनाऱ्यावर रिकामा प्लॉट फार दिवस रिकामा राहत नाही. शांत हॉटेलाची शांतता सकाळी आठला सुरू होणाऱ्या काँक्रीट मिक्सरने जाते, बारने नव्हे. बुकिंग साइटवरचे अभिप्राय गेल्या दोन महिन्यांचेच वाचा आणि त्यात ‘रुइदो’ म्हणजे आवाज हा शब्द शोधा.

हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. मालक बदलतात, शेजारी बदलतात, धागा मात्र राहतो.

मीठभाकर
‘प्रायव्हेट बीच’ अशी जाहिरात दिसली तर?

नाखवा
दुर्लक्ष करा. मेक्सिकोत किनारा सार्वजनिक आहे आणि किनाऱ्याला लागून २० मीटरची पट्टी केंद्र सरकारची. हॉटेलला ती वापरायचा परवाना मिळतो, मालकी नाही. वाट अडवणाऱ्याला दंडाची तरतूद २०२० मध्ये कायद्यात आली. त्यामुळे तुमच्या खुर्चीसमोरून शहाळी, चांदीचे दागिने विकणारे जाणारच. ‘नो, ग्रासिआस’ म्हटलं की पुढे जातात. रविवारी कानकूनची कुटुंबं बर्फाच्या पेट्या घेऊन येतात, सोमवारी किनारा रिकामा. शांततेसाठी रविवारी संध्याकाळी पोहोचा, शुक्रवारी निघा.

आणि तारखा एकदा बघून घ्या. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, त्या शनिवार-रविवारी दर चढतात.

काटकसर
१५० डॉलरचं गणित नीट करा. साइटवर दिसणारा दर बऱ्याचदा कराआधीचा असतो. व्हॅट १६ टक्के. म्हणजे १३० डॉलरची खोली १५०.८० झाली. त्यावर राज्याचा निवास कर, शिवाय नगरपालिकेचा पर्यावरण स्वच्छता शुल्क दर खोली दर रात्र, तो हॉटेलात पोहोचल्यावर रोख मागतात. तेव्हा साइटवर १२० च्या आतली खोली शोधा. किंताना रो राज्य परदेशी पर्यटकांकडून ‘व्हिसिटॅक्स’ वेगळा घेतं, ऑनलाइन. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. हुबेहूब दिसणारी मधली संकेतस्थळं वर आपलं कमिशन लावतात.

पेसोसाठीही डॉलरचंच चिन्ह वापरतात. मेनूवर १८० दिसलं तर दचकू नका, ते पेसो. शंका आली तर आकड्यापुढे ‘एम.एन.’ शोधा, म्हणजे राष्ट्रीय चलन.

एटीएम बँकेच्या आतलं वापरा. चौकातली, औषधाच्या दुकानाबाहेरची सुटी यंत्रं टाळा. यंत्र विचारतं, ‘आमच्या दराने डॉलरमध्ये वळवू का?’ नाही म्हणा. व्यवहार रद्द होत नाही, तुमच्या बँकेच्या दराने पैसे येतात आणि तो दर जवळपास नेहमीच बरा असतो. कार्ड मशीनवरही तेच, पेसो निवडा.

नोटांत एक सापळा आहे. निळ्या दोन नोटा, दोन्हींवर बेनितो हुआरेस: एक ५०० ची, एक जुनी २० ची. २० ची प्लॅस्टिकची आणि आखूड, ५०० ची कागदी आणि लांब. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीवाल्याला देताना बोटाने चाचपून द्या.

टिप: रेस्टॉरंटात १० ते १५ टक्के, आधी बिलात ‘सेर्विसिओ’ लावलाय का बघून. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज उशीजवळ ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज बाई वेगळी असू शकते.

अंबाडी
शाकाहाराचं मी सांगते.

‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येईल, हॅमही येईल. त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे मुख्यतः लाल मांस. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मारिस्कोस, नी हामोन.’ आपल्याला त-द सहज येतात, त्यामुळे मराठी जिभेवर स्पॅनिश इंग्रजीपेक्षा बरी बसते. ट-ड मात्र करू नका.

पण खरी चोरी डोळ्यांना दिसत नाही. घोटलेल्या राजम्यात, म्हणजे ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’मध्ये, डुकराची चरबी असू शकते. तिचं नाव ‘मान्तेका’. लोण्याला ‘मान्तेकिया’ म्हणतात, शेवटच्या अक्षराचा फरक. लाल भात कोंबडीच्या पाण्यात, ‘काल्दो दे पोयो’त शिजवतात. तामालेस (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) आणि मैद्याच्या तोर्तियातही (पोळीतही) मान्तेका असते. म्हणून विचारायचं: ‘येवा मान्तेका? येवा काल्दो दे पोयो?’ मक्याची तोर्तिया सुरक्षित: मका, चुन्याचं पाणी, झालं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, साल काढून वाटतात, म्हणून तिला तो वेगळा वास असतो.

काय मागवायचं: भोपळ्याच्या फुलांची केसादिया, ‘फ्लोर दे कालाबासा’. ‘राहास कोन केसो’, मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. ‘नोपालेस’, निवडुंगाची कोवळी पानं, गवारीसारखी चव आणि भेंडीसारखी तार. ‘सिकिल पाक’ हा युकातानचा खास पदार्थ: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजलेला टोमॅटो आणि कोथिंबीर. सासऱ्यांना आपलीच चटणी वाटेल. हाबानेरो मिरचीची सालसा वेगळ्या वाटीत मागा आणि सुईच्या टोकाएवढी चाखून बघा, लवंगी त्याच्यापुढे गरीब.

सकाळी अंडी चालत नसतील तर आधीच सांगा, नाश्त्याला बाकी फळं आणि टोस्टच उरतो. ‘आग्वा दे हामाइका’ म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, थंडगार. मिळालं तर ‘चिकोसापोते’ खा. घोलवड-डहाणूचा चिकू मूळचा याच मातीतला. त्याच्या चिकापासून च्युइंग गम करत आणि तो चीक पुएर्तो मोरेलोसच्या धक्क्यावरून बाहेर जाई.

ताजी फळं, कढीपत्ता, रोप, बिया विमानातून नेऊ नका, तपासणीत जातात.

मीठभाकर
आणि भात लावायला छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला तर?

मिस्त्री
भारतातला असेल तर नका नेऊ. मेक्सिकोत १२७ व्होल्ट. २३० व्होल्टची वस्तू लावली की शक्ती व्होल्टेजच्या वर्गात घटते: १२७ भागिले २३०, त्याचा वर्ग, ०.३० च्या आसपास. १००० वॅटची किटली ३०५ वॅटची झाली. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला, काहीही वाया न जाता, सतरा मिनिटं. प्रत्यक्षात वीस-पंचवीस. कुकरचा भात कच्चा आणि चिकट. अमेरिकेतला १२० व्होल्टचा कुकर न्या, चालतो, सॉकेटही तेच चपट्या पिनांचं. फक्त काही जुन्या हॉटेलांत तिसरं गोल भोक नसतं, त्यासाठी अ‍ॅडॅप्टर ठेवा. फोनच्या चार्जरला काही करायला नको.

खोली हातात आल्यावर सामान उघडायच्या आधी दहा मिनिटं द्या.

एसी १८ वर लावा आणि बाकीचं बघत राहा. आत भिंतीवर असतो त्याला तिकडे ‘मिनीस्प्लित’ म्हणतात. पाच मिनिटांत गार हवा आली नाही किंवा खाली पाणी ठिबकलं तर तिथेच सांगा. ठिबकण्याचं कारण बहुतेक वेळा तुंबलेली निचऱ्याची नळी, त्यांचा माणूस फुंकर मारून दहा मिनिटांत काढतो. रात्री अकराला तो माणूस नसतो.

न्हाणीघरात नळावर ‘सी’ अक्षर असेल तर ते गरम पाणी, ‘कालिएन्ते’. ‘एफ’ म्हणजे ‘फ्रिआ’, गार. सासूबाई ‘सी’ म्हणजे कोल्ड समजून सरळ अंगावर घेतील. अमेरिकी तोट्या बसवल्या असतील तर हे पुन्हा उलटं, तेव्हा हाताने बघूनच. दुपारी गार नळातूनही कोमट येतं, कारण गच्चीवरची काळी टाकी, ‘तिनाको’, उन्हात तापलेली असते. पाणी चुनखडीचं, जड, साबणाला फेस कमी येतो. प्यायचं पाणी मात्र नळाचं नाही. खोलीत २० लिटरचा ‘गाराफोन’ आहे का बघा, नसेल तर मागा. दात घासायलाही तेच.

संडासात कागद टाकू नका, शेजारी झाकणाची बादली असते ती त्यासाठी. जुन्या नळ्या अरुंद, टाकी लहान, तुंबलं की तळमजल्याच्या खोलीत आधी वर येतं. जेट स्प्रे नसतो, घरून टमरेल न्या.

शेवटी खिडकीच्या जाळीवरून हात फिरवा. भोक असेल तर खोली बदला किंवा चिकटपट्टी लावून घ्या. समुद्राकडच्या सरकत्या दाराची कडी मिठाने गंजून अर्धवट लागते, दोनदा लावून ओढून बघा.

शेवंती
@मिस्त्री, ‘सी’चं वाचून हसले आणि मग हसू गेलं. विमानतळावरून गावात कसं जायचं? आणि प्रवाळाला मुलीला नेता येईल का?

टेक्सासकर
कस्टम्स ओलांडलं की काचेच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंना गणवेशातली माणसं ‘टॅक्सी? ट्रान्सफर?’ करत उभी असतात. काउंटर सरकारी वाटतो, पण बऱ्याच जणांचं खरं काम टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घराचे हिस्से, विकणं. थांबू नका, सरळ दाराबाहेर. पाच माणसं आणि बॅगा असताना आधी ठरवलेली व्हॅन सगळ्यात सोयीची, हॉटेलच करून देतं. आ-दे-ओ कंपनीची बस स्वस्त आणि चांगली, पण ती पुएर्तो मोरेलोसला महामार्गावर सोडते. तिथून किनारा दोन किलोमीटर, टॅक्सी करावी लागते. गुडघेदुखीवाल्यांना ती चढउतार नको.

घड्याळ: किंताना रो २०१५ पासून बाराही महिने न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेवर आहे. फेब्रुवारीत ह्यूस्टनपेक्षा एक तास पुढे. परतीच्या विमानाला हा तास विसरणारे दरवर्षी निघतात.

नाखवा
प्रवाळाला नेता येईल. धक्क्याजवळून परवानाधारक लहान बोटी जातात, लाइफ जॅकेट सक्तीचं, वाटाड्या बरोबर पाण्यात उतरतो, उद्यानाचं शुल्क वेगळं. पोहत स्वतःहून जाऊ नका, मध्ये बोटींची वाट आहे. मुलीच्या मापाचं जॅकेट आणि मुखवटा आहे का ते आदल्या दिवशी जाऊन बघा. मोठ्यांचा मुखवटा कसून बांधला तरी गालाकडून पाणी शिरतं आणि मूल घाबरतं. आदल्या दिवशी काठावर गुडघाभर पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घ्या. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

सकाळी नऊची फेरी घ्या, दुपारकडे वारा वाढतो. पाच रात्रींपैकी प्रवाळ पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच उरका. नोर्ते आला की बंदर कप्तान लहान बोटींना समुद्र बंद करतो. त्या दिवशी बोटवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याचा परवानाच जाईल. पैसे देतानाच ‘पुएर्तो सेरादो’, म्हणजे बंदर बंद, झालं तर परत मिळणार की दुसऱ्या दिवशीची फेरी, ते पावतीवर लिहून घ्या.